दोष आमरसाचा नव्हे

(चोपडा तालुक्यातील एका खेड्यात माहेरी आलेल्या वाचक भगिनीच्या पत्राचा सारांश : त्यांची मुलगी दहा आठवड्यांची आहे. अंगावर घेतले की ती चार-सहा घोट पिते, मग पाठीची कमान करून किंचाळते, तोंड फिरवते आणि नंतर भळकन दूध टाकते. तिसऱ्या आठवड्यापासून हे चालू आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस-पुरणपोळी खाल्ल्यामुळेच हे झाले, असे सासूबाईंचे फोनवर ठाम म्हणणे असल्याने गेले बारा दिवस त्या केवळ मुगाच्या खिचडीवर आहेत. डॉक्टरांनी दोन मिनिटांत तपासून आम्ल कमी करणारे थेंब लिहून दिले. पती सुरतला नोकरीस असून रोज फोनवर ‘आज किती प्यायली?’ एवढेच विचारतात. शेवटी त्या लिहितात, “ती रडू लागली की पदराखाली घ्यायचीच भीती वाटते.”)

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रातच एक गोष्ट स्पष्ट आहे, ती आधी सांगते. मुलगी तिसऱ्या आठवड्यापासून दूध टाकते आहे आणि आखाजी होऊन बाराच दिवस झाले आहेत, त्यामुळे जे आमरसाच्या आधीपासून चालू होते त्याचे खापर आमरसावर फोडता येत नाही. आजच पोटभर जेवा. वरण, भाजी, भाकरी, आवडत असेल तर कळण्याची भाकरी आणि ठेचाही खा. आईने तिखट खाल्ले म्हणून बाळाचे दूध वर येते, या समजुतीला आधार नाही. पाजणाऱ्या बाईला एरवीपेक्षा जास्त अन्न लागते, आणि अर्धपोटी, न झोपलेल्या आईला किंचाळणाऱ्या बाळाला शांतपणे धरून बसणे फार जड जाते.

दुसरी चांगली गोष्ट तुम्ही स्वतःच नोंदवली आहे, पण तिचा अर्थ तुम्हाला कोणी सांगितलेला दिसत नाही. जन्माचे वजन 2.9 किलो होते आणि आता 4.6 किलो आहे, म्हणजे सत्तर दिवसांत 1,700 ग्रॅम, रोजचे सुमारे 24 ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे वजन रोज साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढावे अशी अपेक्षा असते. एवढे दूध टाकूनही तिच्या अंगी लागते आहे, तेव्हा ‘दूध पुरत नाही, वरचे सुरू कर’ असे सांगणाऱ्या मावशींना हा आकडा दाखवावा.

दूध वर का येते, तर अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला स्नायूंचा वळसा या वयात सैल असतो, पोटात सगळे पातळच असते आणि बाळ दिवसभर आडवे असते. हा त्रास बहुधा चौथ्या महिन्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतो आणि बहुतेक मुलांचा वर्षाच्या आत-बाहेर थांबतो. नुसते दूध टाकून हसणाऱ्या बाळाला औषध लागत नाही, कपडे धुण्याचे काम तेवढे वाढते. तुमची मुलगी मात्र पिताना कळवळते, म्हणून नीट शोध घेतला पाहिजे. वर आलेल्या आंबट दुधाने जळजळ होत असेल. पण पान्हा फार जोरात येत असला तरीही बाळ पहिल्या घोटांत ठसकते, ताठ होते आणि तोंड सोडते. नाक चोंदले असेल किंवा जिभेवर-गालांच्या आत न पुसला जाणारा पांढरा थर असेल, तरीही पिणे दुखते.

यासाठी एक काम करा : पाजण्याचा एक पूर्ण प्रसंग आईकडून मोबाईलवर चित्रित करून घ्या आणि तो बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दोन मिनिटांच्या तपासणीत जे दिसत नाही ते त्यात दिसेल. थेंबांविषयीही तेव्हाच विचारा. त्या औषधाने आम्ल कमी होते, दूध वर येणे थांबत नाही, आणि वजन नीट वाढणाऱ्या तान्ह्या बाळाचे रडणे त्याने कमी होतेच असे नाही. मनानेच बंद मात्र करू नका. शौचात रक्त किंवा आव दिसत असेल, अंगावर खरजेसारखे चट्टे असतील, तर गाईच्या दुधातील प्रथिनाची अ‍ॅलर्जी असू शकते का, हे विचारा. तसे वाटल्यास तुमच्या आहारातून चहाच्या दुधासह सर्व दुग्धपदार्थ दोन ते चार आठवडे वगळून पाहतात. अशा वेळी म्हशीचे किंवा शेळीचे दूध हा पर्याय नसतो.

घरी करायचे ते असे. भूक लागून टाहो फोडण्याआधीच, अर्धवट झोपेत चुळबुळ करते तेव्हा तिला घ्या. तुम्ही मागे रेलून बसा आणि तिला छातीवर जवळजवळ पालथे धरा, म्हणजे पान्ह्याचा जोर तिच्या घशावर येणार नाही. मध्येच थांबून ढेकर काढा, आणि तिने तोंड फिरवले की तिथेच थांबा. डोके दाबून पुन्हा लावू नका, कारण दुखते तिथेच जबरदस्ती झाली की बाळ पदर पाहूनच रडायला शिकते. पाजल्यानंतर वीस-तीस मिनिटे खांद्यावर उभे धरा. झोपवताना मात्र सपाट अंथरुणावर, उताणे, उशीशिवाय झोपवा. झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो.

गुटीची सहाण तूर्त बाजूला ठेवा. जायफळाने बाळ झोपते ते गुंगीने, आणि मध तर वर्षभर बोटावरही देऊ नये. बाहेर 44 अंश तापमान असले तरी वरचे पाणी नको, कारण अंगावरच्या दुधात जवळजवळ 87 टक्के पाणीच असते. मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढा, फक्त धूर बाळापासून दूर असू द्या.

उलटी हिरवी किंवा रक्ताची झाली, प्रत्येक पाजण्यानंतर फवाऱ्यासारखी लांब उडू लागली, पोट फुगून टणक झाले, दिवसभरात लंगोट जेमतेम तीन-चारदा ओला झाला, टाळू खोल गेली, 38 अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त ताप आला किंवा बाळ मलूल पडले, तर सकाळची वाट पाहू नका; 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा.

आता तुमच्या त्या शेवटच्या वाक्याविषयी. ही भीती वाटणे म्हणजे आई म्हणून कमी पडणे नव्हे. दर दोन तासांनी लेकराच्या कळवळण्याला सामोरे जाणाऱ्या कोणालाही ती वाटेल. मात्र बाळ झोपले असतानाही तुम्हाला झोप येत नसेल, रडू थांबत नसेल किंवा स्वतःला, बाळाला काही करून बसू असे मनात येत असेल, तर त्याच दिवशी आईला सांगा आणि 14416 या टेलिमानसच्या (सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या) क्रमांकावर बोला. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

पतींनी ‘किती प्यायली?’ हे विचारणे बंद करावे; अंगावरचे दूध मोजता येत नाही आणि तो प्रश्न रोज परीक्षेसारखा वाटतो. त्याऐवजी सुट्टीच्या दिवशी भुसावळच्या गाडीने येऊन रात्रीचे दोन वेळचे खांद्यावर धरणे त्यांनी घ्यावे आणि तेवढा वेळ तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपावे. सासरी परतल्यावर सासूबाईंशी आमरसावरून वाद घालू नका. पाजून झाले की मुलगी त्यांच्या खांद्यावर द्या आणि वीस मिनिटे उभीच धरायला डॉक्टरांनी सांगितले आहे, एवढेच म्हणा. दोन आठवड्यांनी अंगणवाडीत पुन्हा वजन करून घ्या आणि तो आकडा मला कळवा.