स्पिंडलचा ड्राइव्ह ट्रिप होतोय? तुमचे प्रश्न

प्रश्न : २.२ किलोवॉट, 24,000 आरपीएमचा वॉटर-कूल्ड स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) आहे. ड्राइव्ह (मोटरला हवे तेवढे हर्ट्झ आणि व्होल्ट देणारा व्हीएफडी) जळाला म्हणून पंपावरचा काढून जोडला. चालू केला की गुरगुरतो आणि लगेच ओव्हरकरंट. स्पिंडल गेला का? (शिरोली)

गेला नसावा, पण रीसेट मारून पुन्हा पुन्हा चालवलात तर जाईल. पंपाच्या ड्राइव्हमध्ये बेस फ्रिक्वेन्सी, म्हणजे जिथे तो पुरे व्होल्ट देतो ती, 50 हर्ट्झ असते. तुमचा दोन पोलचा स्पिंडल 24,000 आरपीएमला 400 हर्ट्झ मागतो. हर्ट्झ वाढतील तसे व्होल्ट वाढायला हवेत : 400 ला 220, म्हणजे 50 ला जेमतेम 27. तुमचा ड्राइव्ह 50 लाच पुरे 220 देतोय, गरजेच्या आठपट. स्टेटरचं लोखंड सॅच्युरेट होतं, म्हणजे चुंबकत्वाने गच्च भरतं, आणि करंट उसळतो. बिचारा ड्राइव्ह ट्रिप होऊन वाइंडिंग वाचवतोय!

मॅक्सिमम आणि बेस, दोन्ही फ्रिक्वेन्सी 400 करा. बहुतेकजण फक्त पहिली बदलतात आणि मग मला लिहितात. पण आधी प्लेट वाचा, काही स्पिंडल 300 हर्ट्झचे असतात. मोटर करंट प्लेटवरचाच भरा, टॉर्क बूस्ट (कमी वेगाला दिले जाणारे जादा व्होल्ट) कमीत कमी ठेवा, कॅरिअर (ड्राइव्हची स्विचिंग फ्रिक्वेन्सी) 8 किलोहर्ट्झच्या आसपास. पंपाचा ड्राइव्ह 400 हर्ट्झपर्यंत जातच नसेल, तर तो पंपालाच परत द्या.

प्रश्न : चालताना काही नाही, थांबवताना ओव्हरव्होल्टेज. (भोसरी)

फिरता रोटर थांबताना जनरेटर होतो आणि वीज ड्राइव्हच्या आतल्या डीसी पुरवठ्यावर, म्हणजे डीसी बसवर, परत ढकलतो. 230 व्होल्टच्या सप्लायवर बस एरवी साधारण 325 व्होल्टवर असते. 400 च्या आसपास गेली की ट्रिप. थांबण्याचा वेळ 3 सेकंद असेल तर 10 करा. घाईच असेल तर ही वीज उष्णतेत जिरवणारा ब्रेकिंग रेझिस्टर लावा, ड्राइव्हला त्याची टर्मिनल्स असतील तर.

प्रश्न : स्पिंडल सुरू झाला की लिमिट स्विच (मशीनला टोकाला थांबवणारा) आपोआप लागतो. (अंबड)

स्विच बदलू नका. स्पिंडलच्या केबलमधला विजेचा नॉइज सिग्नलच्या वायरीत शिरतोय. स्पिंडलला शिल्डेड केबल घाला, शिल्ड ड्राइव्हच्या अर्थला नीट आवळा आणि सिग्नलच्या वायरी त्याच ड्रॅग चेनमध्ये (केबल वाहून नेणाऱ्या साखळीत) गुंडाळू नका.

प्रश्न : पावसाळ्यात दोन महिने मशीन बंद होतं. आता ग्राउंड फॉल्ट (वीज अर्थला गळते). मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावू का? (रत्नागिरी)

लावा, पण ड्राइव्हची मेन सप्लाय बंद करून दहा मिनिटं थांबा आणि स्पिंडलची केबल ड्राइव्हपासून सोडवा. जोडलेली ठेवून 500 व्होल्ट सोडलेत तर आउटपुटचे आयजीबीटी (पॉवर ट्रान्झिस्टर) जातील, आणि मग दोन दुरुस्त्या. रीडिंग 1 मेगओहमच्या खाली आलं तर आधी कनेक्टर उघडून पाहा. कोकणात ओल बहुधा तिथेच बसते, आणि ड्रायरने पंधरा मिनिटांत निघते. कनेक्टर कोरडा करूनही रीडिंग चढलं नाही, तर वॉटर जॅकेट (स्पिंडलभोवतीची थंड पाण्याची पोकळी) गळतंय का ते बघावं लागेल.