सभेला येईन, पण आपल्या तालुक्यात नको

प्रश्न : आदरणीय ताई, आम्ही चोपडा तालुक्यातील एका गावात राहतो. माझे यजमान 43 वर्षांचे असून आता सकाळी क्वार्टर घेतल्याशिवाय त्यांच्या हाताचा कंप थांबत नाही. चैत्रात सप्तशृंगी गडावर जाऊन त्यांनी दारू सोडण्याची शपथ घेतली. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चालल्या आहेत असे ओरडत ते अंथरुणातून उठले. सासूबाईंना बाहेरची बाधा वाटली, आणि शेवटी दिरांनीच त्यांना अर्धा ग्लास आणून दिला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले असता भावाने दारू सोडू इच्छिणाऱ्यांच्या ए. ए. या संघटनेच्या सभांविषयी सांगितले. हे म्हणतात, “येईन, पण आपल्या तालुक्यात नको.” सभा कोठे शोधावी? तिथे काय करतात? जाऊबाई जाहिरातीतील दारू सोडवण्याची पावडर जेवणातून द्यायला सांगतात, ती द्यावी का?

उत्तर : ताई, त्या रात्रीची बाधा बाहेरची नव्हती आणि तुमच्या यजमानांची शपथही खोटी नव्हती. रोज दारू पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केली की सहा ते चोवीस तासांत कंप, घाम आणि अस्वस्थता सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना नसलेल्या वस्तू दिसू लागतात. ही अवस्था जिवावर बेतू शकते. म्हणून सभेच्याही आधी त्यांना जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या आणि त्या रात्रीची हकीकत, मुंग्यांसकट, डॉक्टरांना सांगा. दारू सोडवण्याचे पहिले दिवस औषधांच्या आधाराने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच जायला हवेत.

पावडर देऊ नका. जाहिरातीतल्या पुडीत काय असते हे आपल्याला कळत नाही. दारू सुटावी म्हणून डॉक्टर स्वतः देतात त्या डायसल्फिराम या गोळीवरसुद्धा दारू घेतली गेली, तर रक्तदाब एकदम उतरतो आणि हृदयावर ताण येतो. त्यामुळे ती गोळी रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची असते. शिवाय जेवणात काही कालवल्याचे ज्या दिवशी त्यांना कळेल, त्या दिवसापासून ते तुमच्या हातचा घास विश्वासाने खाणार नाहीत, आणि पुढच्या सगळ्या खटपटीत तोच विश्वास तुम्हाला लागणार आहे.

आता सभेविषयी. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए. ए., ही संघटना 1935 मध्ये अमेरिकेत दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झाली आणि 1957 पासून ती भारतात आहे. सदस्य होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा असणे एवढीच अट आहे. फी नाही, हजेरीपट नाही, आडनावही विचारले जात नाही. खर्चासाठी सदस्य आपापसांत ऐच्छिक वर्गणी काढतात. मी पाहुणी म्हणून काही खुल्या सभांना बसले आहे. सभेत एकेक जण उठून आपली गोष्ट सांगतो, बाकीचे मध्ये न बोलता ऐकतात, आणि कोणी कोणाला उपदेश करत नाही. नव्याने आलेल्याने काही बोललेच पाहिजे असेही नाही. एका सभेत चहा वाटताना मी पाहिले, की नवख्या माणसाच्या हातात मुद्दाम अर्धाच भरलेला कप दिला गेला. त्याचा हात थरथरत होता, आणि देणाऱ्याला तो थरकाप स्वतःच्या जुन्या दिवसांवरून ठाऊक होता. आपण नातेवाईक वर्षानुवर्षे समजावून सांगतो, पण हे ज्ञान आपल्याजवळ नसते.

सभा शोधण्यासाठी त्याच मानसोपचार विभागातील समुपदेशकांना विचारा, किंवा 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा. हा फोन विनामूल्य आहे. ए. ए.च्या संकेतस्थळावरही शहरानुसार गटांची माहिती मिळते. जागा आणि वेळ बदलत असते, म्हणून निघण्यापूर्वी गटाच्या माणसाशी फोनवर बोलून घ्या. आपल्या तालुक्यात नको, हा त्यांचा आग्रह मला पळवाट वाटत नाही. आपल्याकडे देशीच्या दुकानासमोर बसलेल्या माणसाची लाज वाटत नाही इतकी ती दारू सोडायला निघालेल्याची वाटते, हे दुःखाने लिहावे लागते. जळगाव, भुसावळ किंवा धुळे यांपैकी सोयीच्या ठिकाणी गट आहे का ते विचारा आणि तिथे जाऊ द्या. दर वेळी एवढे लांब जाणे जमले नाही, तर मधल्या काळात फोनवर किंवा ऑनलाइन भरणाऱ्या सभांचाही उपयोग होतो.

पहिल्या दिवशी तुम्हाला बरोबर जायचे असेल, तर खुली सभा कधी असते ते विचारून घ्या, कारण बंद सभेत फक्त स्वतः पिणाऱ्यांनाच बसता येते. एका सभेने मन बसले नाही तर आणखी चार-पाच सभांना जाऊन मग ठरवा. मधूनच त्यांनी पुन्हा घेतली, तरी सभेचे दार बंद होत नाही. तुमच्यासारख्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे गट असतात. तिथे यजमान येवोत न येवोत, तुम्ही एकट्या जाऊ शकता. पत्र वाचताना मला सारखे वाटत राहिले, की एवढ्या माणसांच्या घरातही हे सांगायला तुमच्याजवळ कोणी नसावे.

सभा बहुधा संध्याकाळी असतात, तेव्हा परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ आधीच पाहून ठेवा आणि ती गटाच्या माणसालाही फोनवर सांगा. मी पाहिलेल्या गटात लांबून आलेल्याला स्टँडवर सोडायला कोणीतरी आपणहून उठत असे.