वाचक विचारतात: चहा तर स्वस्त झाला होता, मग भांडण कसलं?

प्रश्न: मुलगी बोस्टनजवळ असते. तिच्याकडे गेलो तेव्हा बंदरावरचा तो चहा फेकण्याचा शो बघितला, आम्हालाही खोटी पेटी पाण्यात फेकायला दिली. मजा आली, पण खरं सांगा, राजाविरुद्ध उठावं एवढा जास्त टॅक्स होता का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर: नाही हो काका, सगळी गंमत तिथेच आहे. अमेरिका तेव्हा इंग्लंडची वसाहत होती, आणि १७७३ मध्ये बोस्टनच्या लोकांनी करावरून चिडून जहाजांवरचा चहा बंदरात बुडवला, त्याचाच हा शो. इंग्लंडात राहणाऱ्या माणसाच्या मानाने अमेरिकेतला वसाहतवाला फारच कमी कर भरत होता. झालं काय, की १७६३ ला फ्रेंचांशी युद्ध संपलं, इंग्लंड जिंकलं, पण डोक्यावरचं कर्ज जवळपास दुप्पट होऊन १३ कोटी पौंडांच्या घरात गेलं. लंडनला वाटलं, फौज यांच्या रक्षणासाठी ठेवायची तर थोडा खर्च यांनीही उचलावा. मला तरी यात फार काही गैर वाटत नाही.

मग आला १७६५ चा स्टॅम्प अ‍ॅक्ट. कोर्टाचे कागद, लायसन्स, वर्तमानपत्रं, एवढंच काय पत्त्यांच्या कॅटला एक शिलिंग आणि फाशांच्या जोडीला दहा शिलिंग! आपण स्टॅम्प पेपरला इतके सरावलोय की शंभरचा पाचशेला झाला तरी कुरकुरत रांगेत उभे राहतो, आणि इंग्लंडातही ही ड्युटी १६९४ पासून होतीच. पण इथे अंगावर कोणाला घेतलं बघा, वकील, छापखानेवाले आणि गुत्तेवाले. म्हणजे ज्यांना बोलता येतं, ज्यांना छापता येतं आणि ज्यांच्याकडे रोज संध्याकाळी लोक जमतात, ते तिघेही एकदम! बोस्टनमध्ये स्टॅम्प विकायला नेमलेल्या माणसाचा पुतळा झाडाला टांगला, आणि कायदा लागू व्हायच्या दिवसापर्यंत जवळपास सगळ्या वसाहतींतल्या स्टॅम्पवाल्यांनी राजीनामे देऊन टाकले.

वसाहतवाल्यांचं म्हणणं एवढंच, की आमची असेंब्ली आहे, तिने कर लावला तर देऊ, पण ज्या पार्लमेंटमध्ये आमचा एकही माणूस नाही त्यांनी आमच्या खिशात हात कसा घातला. आमच्या सोसायटीत पार्किंगचे दोनशे रुपये वाढले तेव्हा सेम हेच, दोनशे कोणाला जड नव्हते, पण मीटिंग न घेता नोटीस बोर्डावर कागद डकवला म्हणून अर्ध्या बिल्डिंगने आठ महिने पैसे भरले नाहीत. लंडनने १८ मार्च १७६६ ला स्टॅम्प अ‍ॅक्ट मागे घेतला खरा, पण त्याच दिवशी दुसरा कायदा केला की वसाहतींसाठी वाट्टेल तो कायदा करायचा आम्हाला पूर्ण अधिकार आहे. लोकांनी फटाके उडवले आणि हा दुसरा कागद कोणी नीट वाचलाच नाही.

प्रश्न: बोस्टनला बुडवलेला चहा आसामचा होता असं आमच्या ग्रुपवर आलंय. खरं का?
(कॉलेजची विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर: ग्रुपवर येतं ते सगळं खरं धरू नका. आसामचा चहा बाजारात यायला अजून साठेक वर्षं होती, हा माल चीनचा, कॅन्टन बंदरातून आलेला. पण भारताचा संबंध आहेच, कारण माल ईस्ट इंडिया कंपनीचा. १७७० चा बंगालचा भयंकर दुष्काळ, फौजेचा खर्च, त्यात शेअर गडगडलेले, कंपनी बुडायला आली आणि लंडनच्या गोदामांत चहा नुसता पडून. म्हणून १७७३ मध्ये सरकारने तिला १४ लाख पौंड कर्ज दिलं आणि इंग्लंडातली ड्युटी माफ करून चहा थेट अमेरिकेत विकायची मुभा दिली. म्हणजे चहा उलट स्वस्त झाला, चोरून येणाऱ्या डच चहापेक्षाही. फक्त पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर तेवढा ठेवला, आणि तो पैशासाठी कमी, आपला हक्क दाखवायला जास्त.

त्यात बोस्टनला हा चहा विकायचं काम ज्या मोजक्या लोकांना मिळालं त्यात गव्हर्नर हचिन्सनची दोन मुलं! आता हे बघून कोण गप्प बसेल. डार्टमथ नावाचं जहाज २८ नोव्हेंबरला लागलं, वीस दिवसांत ड्युटी भरली नाही तर कस्टमवाले माल जप्त करणार, लोक माल उतरवू देईनात आणि गव्हर्नर जहाज परत जाऊ देईना. शेवटच्या रात्री, १६ डिसेंबरला, तोंडाला काजळी फासून लोक तीन जहाजांवर चढले आणि तीनेक तासांत ३४२ पेट्या फोडून रिकाम्या केल्या. ओहोटी होती, त्यामुळे चहा वाहून न जाता जहाजांच्या कडेला ढीग लागला आणि तो पसरून पाण्यात ढकलावा लागला. एकजण कोटाच्या अस्तरात चहा भरताना सापडला, त्याला तिथेच बदडलं. कंपनीचा हिशेब, ९,६५९ पौंडांचं नुकसान.

प्रश्न: नक्की कुठे समजूत निघायची शक्यता संपली?
(निवृत्त शिक्षक, लातूर)

उत्तर: सर, ५ मार्च १७७० म्हणणारे बरेच आहेत. त्या रात्री बोस्टनला बर्फाचे गोळे मारणाऱ्या गर्दीवर शिपायांनी गोळ्या झाडल्या आणि पाच माणसं गेली. पण त्याच दिवशी लंडनला पंतप्रधान नॉर्थ, स्टॅम्प अ‍ॅक्टनंतर वसाहतींवर जे नवे कर लावले होते त्यातला चहाचा सोडून बाकीचे काढायचा प्रस्ताव मांडत होता! बातमी समुद्रापार जायला दीड-दोन महिने, त्यामुळे हे त्यांना माहीत नाही आणि ते यांना माहीत नाही. शिवाय त्या शिपायांचं वकीलपत्र घेतलं जॉन अ‍ॅडम्सने, जो पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला. सहा निर्दोष सुटले, दोघांच्या अंगठ्यावर डाग देऊन सोडलं. म्हणजे तोवर कोर्टावर तरी विश्वास शिल्लक होता.

माझ्या मते शेवटचा दोर कापला तो १७७४ मध्ये. चहाची शिक्षा म्हणून १ जूनपासून अख्खं बोस्टन बंदर बंद, बोस्टन ज्या वसाहतीत होतं त्या मॅसॅच्युसेट्सची सनद बदलली, गावसभा घ्यायलाही गव्हर्नरची परवानगी. चूक शेदीडशे लोकांची आणि उपाशी अख्खं गाव. लंडनचा हिशेब असा की बाकीच्या वसाहती घाबरतील, पण त्यांनी उलट मेंढ्या आणि तांदूळ पाठवले, आणि सप्टेंबरात १३ पैकी १२ वसाहतींचे लोक फिलाडेल्फियाला एकत्र बसले. एरवी यांचं एकमेकांशी फारसं पटत नव्हतं बरं का. एप्रिल १७७५ ला बोस्टनजवळ लेक्झिंग्टनला इंग्रज फौज आणि वसाहतवाले यांच्यात गोळीबार झाला तरी जुलैत राजाला विनंतीअर्ज गेला, तो त्याने घेतलाच नाही आणि ऑगस्टमध्ये सगळ्यांना बंडखोर जाहीर करून टाकलं.

स्टॅम्प अ‍ॅक्ट रद्द झाल्याच्या आनंदात न्यूयॉर्ककरांनी राजाचा घोड्यावरचा शिशाचा पुतळा बनवून घेतला होता, तो १७७० मध्ये उभा राहिला. ९ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून झाला आणि लोकांनी तोच पुतळा दोर लावून पाडला. शिसं कनेक्टिकटला नेलं आणि वितळवून बंदुकीच्या गोळ्या पाडल्या.

प्रश्न: स्वातंत्र्य स्वातंत्र्य म्हणणाऱ्यांच्या घरी गुलाम होते ना?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: होते. आणि नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने जाहीर केलं की बंडखोरांचा जो गुलाम राजाच्या फौजेत येईल तो मोकळा, तेव्हा तिथले कुंपणावर बसलेले कित्येक जमीनदार पटकन बंडखोरांच्या बाजूला उतरले. हे शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही.

प्रश्न: याच काळात आपल्याकडे पुण्यात काय चाललं होतं?
(गृहिणी, इचलकरंजी)

उत्तर: ताई, मस्त प्रश्न. कंपनीला वाचवताना लंडनने १७७३ मध्येच दुसराही कायदा केला, रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट, म्हणजे मुंबईकर इंग्रजांनी युद्ध-तह करताना कलकत्त्याला विचारायचं. मुंबईवाल्यांनी न विचारताच मार्च १७७५ मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह केला, कलकत्त्याने तो नाकारला आणि पुढच्या मार्चमध्ये पुणे दरबाराशी पुरंदरचा तह केला. म्हणजे इथेही वरच्या आणि खालच्या साहेबांचा तोच घोळ. १७७८ ला फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने उतरला, आणि फ्रेंच पुण्यात येऊन बसतील ही धास्ती इंग्रजांना आधीपासून होतीच. जानेवारी १७७९ ला वडगावला मराठ्यांनी मुंबईच्या फौजेला नाक घासायला लावलं. सालबाईचा तह १७८२ चा, तोवर अमेरिकाही हातची गेली होती.

आणि अमेरिकेत यॉर्कटाऊनला ऑक्टोबर १७८१ मध्ये हरलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस. शरणागतीच्या वेळी आजारी असल्याचं सांगून तो आलाच नाही, हाताखालच्या माणसाला तलवार देऊन पाठवलं. पाच वर्षांनी तोच गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात उतरला, आणि १७९२ ला श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध त्याच्या बाजूने आपले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन होते. पुढे पुन्हा नेमणूक होऊन आला आणि १८०५ मध्ये इथेच वारला. कबर गाझीपूरला आहे, गंगेजवळ.