शाळा पुष्कळांनी काढल्या, मग साताऱ्यात कर्मवीरांचंच एवढं काय?

तुम्ही विचारलंय, ‘शाळा-कॉलेजं तर पुष्कळांनी काढली. मग भाऊराव पाटलांचं नाव निघालं की सातारकर एवढे हळवे का होतात?’ त्यांनी काढलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या सातशेच्या वर शाखा आहेत वगैरे माहिती तुम्हाला कुठंही मिळेल. मी भाकरीबद्दल सांगतो.

मी माण तालुक्यातला. १९९३ च्या जूनमध्ये दहिवडीहून एसटीनं साताऱ्यात उतरलो तेव्हा हातात पत्र्याची ट्रंक होती आणि डोक्यावर आज्जीनं दिलेलं ज्वारीचं पोतं. रयतच्या वसतिगृहात ‘कमवा आणि शिका’ योजनेत नाव लागलं. सकाळी दोन तास बागेत खुरपायचं, मग तास, आणि आठवड्यातून दोनदा स्वयंपाकाची पाळी. आमच्या घरी पाटीलकी. म्हणजे जमीन कोरडवाहू, विहिरीला पाणी नाही, पण मी पाण्याचा तांब्या स्वतः कधी उचललेला नाही, असली पाटीलकी. पहिल्याच पाळीला माझ्यासमोर परात आली.

भाकरी थापायला घेतली की फाटायची. चार मोडल्या. पोरं हसायला लागली. तेवढ्यात रेक्टर सर आले. काही बोलले नाहीत, शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि उकिडवे बसले. पीठ चिमटीत धरून बघितलं. म्हणाले, “विरी गेलीय पिठाची, चिकटपणा राहिला नाही. गार पाण्यात काय मळतोस? आधण ठेव.” उकळतं पाणी पिठात ओतलं, उलथन्यानं कालवलं, हाताला सोसेल तसं मळलं आणि पंधरा-वीस भाकऱ्या तव्यावर टाकल्या. एकीचीही कड फाटली नाही. मग परात माझ्याकडं सरकवली. सर लहानपणी अण्णांच्या बोर्डिंगात वाढलेले. त्यांना हे तिथंच कुणीतरी शिकवलं होतं.

अण्णा म्हणजे कर्मवीर. आमच्याकडं भाऊराव असं कुणी तोंडावर म्हणत नाही. जन्म १८८७ चा, कुंभोजचा. घराणं वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं, म्हणजे आताच्या सांगली जिल्ह्यातलं. स्वतःचं शिक्षण इंग्रजी सहावीपर्यंत, तेही धड नाही. कोल्हापुरात ते जैन बोर्डिंगमध्ये राहत. त्या काळात शाहू महाराजांच्या पाठबळानं तिथं एकेका जातीची वसतिगृहं उभी राहत होती, आणि त्याशिवाय खेड्यातली पोरं शिकलीच नसती हेही खरं. पण प्रत्येकाची चूल वेगळी. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. अण्णा त्या समारंभाला जाऊन आले. आता अंघोळ करूनच आत यायचं, असं त्यांना सांगण्यात आलं. अण्णांनी अंघोळ केली नाही. बोर्डिंग सुटलं.

माझं मत असं, की रयतचं मूळ त्या न केलेल्या अंघोळीत आहे. पुढं त्यांनी ओगल्यांची काच विकली, किर्लोस्करांचे नांगर विकले, त्यापायी खेडोपाडी हिंडले, शेतकऱ्याचं घर आतून बघितलं. १९१९ च्या दसऱ्याला कराडजवळच्या काले गावात संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली आणि बोर्डिंग सुरू केलं. तिथं मराठा, महार, मुसलमान, जैन, सगळ्यांची चूल एक, पंगत एक. १९२७ मध्ये गांधीजी आले आणि त्यांच्या हस्ते बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. महाराजांच्या वेगवेगळ्या चुली अण्णांनी त्यांच्याच नावाखाली एक केल्या, याची मला कायम गंमत वाटते.

आता अण्णांच्या पत्नी, लक्ष्मीबाई. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. दर २२ सप्टेंबरला, अण्णांच्या जयंतीच्या भाषणात त्यांच्या वाट्याला एक वाक्य येतं: बोर्डिंगात धान्य नव्हतं तेव्हा त्यांनी मंगळसूत्र मोडलं. खरंय ते. पण सोवळंओवळं पाळणाऱ्या घरातून आलेल्या बाईनं सगळ्या जातींच्या पोरांना रोज रांधून वाढलं, ते मला त्याहून अवघड वाटतं. मंगळसूत्र एकदाच मोडायचं असतं. १९३० मध्ये त्या गेल्या. पुढचं सगळं वैभव, म्हणजे १९४० चं सयाजीराव हायस्कूल, १९४७ चं शिवाजी कॉलेज, त्यांनी बघितलंच नाही. अण्णा १९५९ पर्यंत होते, पद्मभूषणही त्याच वर्षीचं.

‘कमवा आणि शिका’ला लोक गरिबांची सवलत समजतात. मलाही आधी तसंच वाटायचं, आणि खुरपं हातात असताना गावाकडचं कुणी दिसलं की मी कुंपणाआड व्हायचो. सरांनी एकदा पकडलं. रागावले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या वाफ्यात स्वतः खुरपत बसायला लागले, पोवई नाक्याकडून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे. आठवडाभर. नंतर मला लपायचीच लाज वाटायला लागली.

मे महिन्यात सर सुट्टीवर नसायचे. दहावीचा निकाल लागायच्या आधी माण-खटावात फिरायचे, मुक्कामाला कुणाच्याही ओसरीवर. ज्या घरात पोरगी हुशार आणि लग्नाची बोलणी चाललेली, तिथं हमखास. समजावून सांगण्यात ते फार हुशार नव्हते, खरं तर बोलताना अडखळायचे. नुसते बसून राहायचे. चहा झाला, जेवण झालं, तरी उठायचे नाहीत. शेवटी बाप कंटाळून म्हणायचा, “बरं, न्या.” माझी चुलतबहीण अशीच शिकली. आज ती कोरेगाव तालुक्यात मुख्याध्यापिका आहे आणि मे महिन्यात तीही घरी सापडत नाही.

आता रयतचं स्वतःचं विद्यापीठही झालंय. काही ठिकाणी ‘कमवा आणि शिका’ म्हणजे ऑफिसात फायली लावणं एवढंच उरलंय. ते मला रुचत नाही, पण पोरांची फी निघते, त्यामुळे गप्प बसतो.

सर दोन वर्षांमागं माझ्याकडं जेवायला आले होते. बायकोला बाजूला करून भाकरी मी थापली. त्यांनी ताटातली भाकरी उचलून उजेडात फिरवली, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “आधण अजून कमीच पडतंय तुझं.” मग तीन खाल्ल्या.