स्पॅनिश दुकानात नुसते पाहायचे असेल तर

प्रश्न : काही महिन्यांसाठी मला स्पेनमध्ये राहावे लागणार आहे. पाठ केलेली वाक्ये ऐन वेळी आठवत नाहीत आणि विक्रेता काही विचारू लागला की गोंधळ उडतो. काही घ्यायचे नसताना वस्तू पाहण्यापुरते स्पॅनिश कोठून शिकायला सुरुवात करावी?

उत्तर : सुरुवात अभिवादनापासून करावी. दुकानात शिरताना काहीच न बोलणे तेथे तुटकपणाचे वाटते, म्हणून दुपारच्या जेवणापर्यंत ‘बुएनोस दियास’ आणि त्यानंतर ‘बुएनास तार्देस’ म्हणावे. तेथील जेवण दोनच्या सुमारास होत असल्याने दुपारी एक वाजता ‘बुएनोस दियास’ ऐकू आल्यास आश्चर्य वाटू देऊ नये. विक्रेत्याने ‘ले प्वेदो आयुदार?’, म्हणजे मदत करू का, असे विचारले की ‘सोलो एस्तोय मिरांदो, ग्राथियास’ एवढे उत्तर पुरते. ‘मी नुसते बघतो आहे’ असा त्याचा अर्थ आहे. स्त्री बोलत असली तरी हे वाक्य बदलत नाही, ही मराठी माणसाला थोडी सवलतच आहे.

पुढची वाक्ये सुटी पाठ करण्याऐवजी ती मराठीच्या किती जवळ आहेत हे पाहावे. ‘हा, ही, हे’ यांच्यासारखेच स्पॅनिशमध्ये ‘एस्ते, एस्ता, एस्तो’ आहे. नामांना तेथे दोनच लिंगे असली, तरी वस्तूचे नाव ठाऊक नसताना आपण जसे ‘हे केवढ्याला?’ विचारतो, तसे ‘क्वांतो क्वेस्ता एस्तो?’ विचारता येते. निम्म्या वस्तूंची नावे येत नसताना हा ‘एस्तो’ फार उपयोगी पडतो. ‘मला ही पिशवी पाहायची होती’ असे म्हणताना आपण भूतकाळ वापरून मागणी सौम्य करतो. नेमके तेच ‘केरिआ बेर एस्ते बोल्सो’ या वाक्यातील ‘केरिआ’ करते. ‘मला आवडते’ या अर्थाचे ‘मे गुस्ता’ तर रचनेनेही आपलेच वाटते, कारण तेथेही क्रियापद वस्तूप्रमाणे चालते आणि वस्तू अनेक असल्या की ‘मे गुस्तान’ होते. इंग्रजीच्या आधाराने स्पॅनिश शिकणारे नेमके येथेच अडखळतात, म्हणून मधली इंग्रजी गाळावी असे माझे मत आहे.

कपडा घालून पाहायचा असल्यास ‘मे लो प्वेदो प्रोबार?’ विचारावे, सदऱ्यासाठीचा ‘कामिसा’ हा शब्द स्त्रीलिंगी असल्याने तेथे ‘लो’चे ‘ला’ होते. कपड्याच्या मापाला ‘ताया’ आणि बुटांच्या मापाला ‘नूमेरो’ म्हणतात. काही न घेता निघताना ‘मे लो बोय आ पेन्सार’, म्हणजे ‘विचार करून बघतो’, असे म्हणून आभार मानावेत. या वाक्याचा खरा अर्थ दोन्ही बाजूंना कळतो आणि कोणीही वाईट वाटून घेत नाही.

प्रश्न : किमती ऐकून कळत नाहीत. काय करावे?

उत्तर : तीसच्या पुढचे आकडे दशक आणि एकक जोडून बनतात, त्यामुळे आपल्या ‘एकोणसाठ’, ‘त्र्याऐंशी’ यांच्याइतके पाठांतर नाही. मात्र ‘सेसेन्ता’ म्हणजे 60 आणि ‘सेतेन्ता’ म्हणजे 70 यांत एकाच व्यंजनाचा फरक असल्याने ही जोडी मुद्दाम घोकावी. पाटीवर 12,50 असे दिसल्यास तो स्वल्पविराम दशांशचिन्ह आहे, आणि ती किंमत बहुधा ‘दोथे थिन्क्वेन्ता’ अशी बोलली जाते. ‘दोथे’ आणि ‘ग्राथियास’ यांतील ‘थ’ मात्र आपला नव्हे. तो जिभेचे टोक दातांमध्ये ठेवून हवा सोडल्याने उमटतो. लॅटिन अमेरिकेत त्या जागी सरळ ‘स’ उच्चारतात, आणि स्पेनमध्येही तो उच्चार विनासायास समजतो.