दोन क्लिप जोडून भागत नाही: नेत्याचं जुनं बोलणं आणि आजची खर्चकपात ताडून कशी पाहायची

प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या वाचकाचा आहे. तालुक्यातले नेते विरोधात होते तेव्हा निधीला कात्री लावली म्हणून सरकारवर तुटून पडायचे, आता सत्तेत बसून "तिजोरीची परिस्थिती समजून घ्या" म्हणतात. दोन्ही क्लिप जोडून गावच्या ग्रुपवर टाकल्या, तर "एडिट केलंय" म्हणून विषय उडवून लावला. आता हे पटवायचं कसं?

क्लिप तूर्त बाजूला ठेवा. वहीच्या एका पानावर आधी चार गोष्टी लिहा: बोलणारा त्या दिवशी कुठल्या पदावर होता, बोलणं नेमकं कुठल्या खर्चाबद्दल होतं, कुठल्या आर्थिक वर्षाबद्दल, आणि आकडा कुठल्या टप्प्यावरचा होता (अंदाज, मंजुरी की प्रत्यक्ष खर्च). यातलं एक जरी जुळलं नाही, तर समोरचा नेमका तिथूनच निसटतो. बहुतेक पोस्ट इथेच मार खातात आणि खरी विसंगतीसुद्धा खोटी ठरते.

अर्धी क्लिप काय करते याचं उदाहरण रोजगार हमीचं घ्या. या योजनेचं मूळ आपल्याच जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांच्या प्रयोगात आहे. २७ फेब्रुवारी २०१५ ला लोकसभेत पंतप्रधान मोदींनी मनरेगाला, म्हणजे केंद्राच्या रोजगार हमी योजनेला, काँग्रेसच्या अपयशाचं जिवंत स्मारक म्हटलं. पुढे कोविडच्या वर्षात, २०२०-२१ मध्ये, केंद्राने त्याच योजनेची तरतूद सुधारित अंदाजात १,११,५०० कोटींवर नेली. दोन्ही शेजारी ठेवली की घूमजाव दिसतं. पण त्याच भाषणात ही योजना बंद करणार नाही, चालूच ठेवणार, असंही ते म्हणाले होते. तेवढं वाक्य कापून क्लिप फिरवली की समोरच्याला पूर्ण भाषण दाखवून तुम्हाला खोटं पाडता येतं. म्हणून वाक्याच्या आधीचा आणि नंतरचा निदान एक-एक मिनिट ऐकल्याशिवाय काहीच वापरू नका. सभेतल्या भाषणापेक्षा सभागृहातलं बोलणं केव्हाही पक्कं. विधानमंडळाच्या कार्यवाहीची प्रत तारखेनिशी मिळते आणि तिला कोणी एडिट म्हणू शकत नाही. प्रत असुधारित, म्हणजे अजून दुरुस्त न झालेली, असेल तर तसं पोस्टमध्ये लिहा.

विसंगती खरोखर कशी दिसते, ते जुन्या पेन्शनवरून समजेल. ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीत आलेल्यांची जुनी पेन्शन थांबली. तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं आणि अर्थ खातं इस्लामपूरच्या जयंत पाटलांकडे होतं. पुढे २०२२ मध्ये काँग्रेसने राजस्थान आणि छत्तीसगडमध्ये जुनी पेन्शन परत आणली, हिमाचलात तिच्यावर निवडणूक लढवली. आता दुसरी बाजू. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात देवेंद्र फडणवीसांनी जुनी पेन्शन देणार नाही असं सांगितलं. १ लाख १० हजार कोटींचा भार पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल, हे त्यांचं कारण. लगेच जानेवारी २०२३ मध्ये शिक्षक-पदवीधर मतदारसंघांच्या प्रचारात त्यांचा सूर "आम्ही नकारात्मक नाही" असा झाला. १४ मार्चला कर्मचारी संपावर गेले आणि २० मार्चला समितीच्या आश्वासनावर संप मिटला.

यात घट्ट पकडता येण्यासारखी जागा डिसेंबर आणि जानेवारी यांच्यामधली आहे. माणूस तोच, पद तेच, खर्च तोच आणि मध्ये जेमतेम महिना. राज्याच्या तिजोरीत त्या महिन्यात काही बदललं नव्हतं, निवडणूक मात्र आली होती. काँग्रेसचा बदल सतरा वर्षांचा आहे. तोही विचारायलाच हवा, पण तिथे "परिस्थिती बदलली" या उत्तराला थोडी तरी जागा राहते. दोन्हींना एकाच तराजूत टाकलंत तर वाचणाऱ्याला तुम्ही पक्षपाती वाटाल. आणि १ लाख १० हजार कोटींसारखा आकडा आला की पहिला प्रश्न हाच: एका वर्षाचा की अनेक वर्षांचा मिळून? हे न विचारता आकडा पुढे ढकलणं म्हणजे त्यांच्याच प्रचाराला हातभार.

आकड्याचे टप्पे हा सगळ्यात मोठा खड्डा आहे. राज्याच्या अर्थसंकल्पाच्या पुस्तकात प्रत्येक लेखाशीर्षापुढे (खर्चाच्या खात्याच्या क्रमांकापुढे) चार रकाने असतात: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, गेल्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. वाढ दाखवायची असली की नेता नवा अंदाज गेल्या वर्षीच्या सुधारित अंदाजाशी लावतो. कपात दाखवायची असली की विरोधक तोच नवा अंदाज जुन्या मूळ अंदाजाशी लावतो. दोघांच्याही हातात सरकारी पुस्तकच असतं. तुम्ही अंदाजाची तुलना अंदाजाशी आणि खर्चाची खर्चाशीच करा. शिवाय दर अधिवेशनात पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पानंतर मागितलेले जादा पैसे) येतात, त्या धरल्याशिवाय वर्ष पुरं होत नाही.

लाडकी बहीण घ्या. जून २०२४ च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी महिना १,५०० रुपये आणि वर्षाला ४६ हजार कोटी जाहीर केले. ५ नोव्हेंबर २०२४ ला कोल्हापूरच्या सभेत महायुतीने २,१०० रुपयांचं आणि शेतकरी कर्जमाफीचं आश्वासन दिलं. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तरतूद आली ३६ हजार कोटींची. आता भागाकार करा. एका बहिणीचे वर्षाचे १८ हजार. ४६ हजार कोटींत साधारण अडीच कोटी बहिणी बसतात, ३६ हजार कोटींत दोन कोटी. २,१०० ने द्यायचं तर माणशी २५,२०० होतात, म्हणजे दोन कोटी बहिणींनाच ५०,४०० कोटी लागतात. नमो शेतकरी सन्मान घेणाऱ्या बहिणींना फरकाचे ५०० च मिळतात, त्यामुळे हिशोब ढोबळ आहे, पण निष्कर्ष हलत नाही: २,१०० चे पैसे त्या तरतुदीत धरलेच नव्हते. भाषणाची क्लिप न लावताही हे चार ओळींत दाखवता येतं आणि कोणीही मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर तपासू शकतं.

कर्जमाफीचं तसंच. २८ मार्च २०२५ ला अजित पवारांनी ३१ तारखेपर्यंत पीककर्ज भरा असं शेतकऱ्यांना सांगितलं. ऑक्टोबरच्या अखेरीस आंदोलनानंतर सरकारने ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ असं जाहीर केलं. म्हणजे ज्याला आपण "आजची भूमिका" म्हणतो तिलाही तारीख असते, ती लिहिलीच पाहिजे. विट्याच्या किंवा जतच्या सोसायटीत मार्चअखेर हप्त्याची जुळवाजुळव करणाऱ्या माणसाला हे दोन दिवस वेगवेगळे भोगावे लागलेत.

आता गावपातळीवर या. तुमचा मूळ वाद बहुधा २५१५ चा, म्हणजे गावातल्या कामांसाठी ग्रामविकास विभागाकडून येणाऱ्या निधीचा, असणार. चौकातल्या फलकावर "यांच्या प्रयत्नातून, लेखाशीर्ष २५१५, मंजूर रक्कम इतके लाख" असं असतं. त्या फलकामागे चार वेगळे कागद असतात: प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, निधी वितरण आणि ठेकेदाराचं देयक. नेता "निधी कमी केला नाही" म्हणतो तेव्हा तो मान्यतेबद्दल बोलत असतो. ठेकेदार "पैसे मिळत नाहीत" म्हणतो तेव्हा वितरणाबद्दल. दोघंही खरं बोलत असू शकतात, कारण दहा कामांना मान्यता द्यायची आणि दोन कामांपुरता निधी सोडायचा ही सरळ पद्धत आहे. उरलेलं दायित्व म्हणून पुढच्या वर्षावर जातं. मान्यता तशीच ठेवून वितरण रोखलं तर तीसुद्धा खर्चकपातच, फक्त तिचा शासन निर्णय निघत नाही. उघड निघालेली कपात पाहायची तर ४ मे २०२० चा वित्त विभागाचा निर्णय वाचा: त्या वर्षी तरतुदीच्या ३३ टक्केच खर्च करायचा, नवी कामं बंद, भरती बंद. त्यातही आरोग्य, अन्न पुरवठा, मदत व पुनर्वसन अशा विभागांना प्राधान्य होतं. म्हणून "तेव्हा सगळंच बंद केलं" असं लिहिलंत तर चुकाल. शासन निर्णयाचा संकेतांक तपासायची सवय ठेवा, त्याचे पहिले आठ अंक म्हणजे तारीख.

टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं वीजबिल मात्र वेगळं धरा. त्यात ८१ टक्के शासन आणि १९ टक्के शेतकरी असं सूत्र आहे, त्याआधी टंचाई निधीतून बिलं भरली गेली आहेत. रस्त्याच्या निधीवरचं वाक्य या खर्चाला चिकटवू नका.

कागद माहिती अधिकारात मागायचे. साध्या अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. २५१५ चा निधी ग्रामविकास विभागाकडून येतो, जिल्हा नियोजनातून नाही, त्यामुळे काम ज्या बांधकाम विभागाकडे आहे तिथे अर्ज करा. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. "निधी का कमी केला" असं कधीही विचारू नका, "का"ला उत्तर मिळत नाही आणि महिना वाया जातो. असं लिहा: "२०२१-२२ ते २०२४-२५ या वर्षांत अमुक तालुक्यातील लेखाशीर्ष २५१५ च्या कामांची कामनिहाय मंजूर रक्कम, प्राप्त निधी व ३१ मार्चअखेर खर्च यांच्या प्रती." ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये. जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं हवी असतील तर मार्च २०२२ च्या आधीची मागा. त्यानंतर साताऱ्यात आणि सांगलीत प्रशासक आले, त्या काळात सदस्यांचं बोलणंच नोंदलेलं नाही.

सगळं हाती आलं की पोस्ट छोटी ठेवा. वर तारीख आणि पदासह जुनं वाक्य, खाली तारीख आणि पदासह नवं, मध्ये चार वर्षांचे आकडे एकाच टप्प्यावरचे. विशेषणं नकोत. टाकायच्या आधी तीच प्रत नेत्याच्या कार्यालयाला पाठवा आणि चार दिवस द्या. उत्तर आलं तर ते जसंच्या तसं खाली जोडा, नाही आलं तर कुठल्या तारखेला पाठवलं होतं तेवढं लिहा.