शुद्ध करू नकोस

प्रिय पोरी,

तुझी वही मिळाली. आजीचं सगळं बोलणं शाळेच्या ग्रीकमध्ये सुधारून उतरवलंयस आणि वर विचारतेस, बोलीतलं ठेवावं का, लोक चुका समजतील. समजू देत! ती बोलली तसं लिही.

आपल्या इम्ब्रोसवर, तुर्कस्तानातल्या या ग्रीकांच्या बेटावर, कुत्र्याला 'स्किली' नाही, 'स्क्ली' म्हणतात. पक्षी 'पुली' नाही, 'प्ली'. आघात नसलेले इ आणि उ आपण गिळतो. ही चूक नव्हे, नियम आहे. तुझ्या वहीत आजी अथेन्सच्या रेडिओवर बातम्या देते आहे.

वाईट वाटून घेऊ नकोस, निम्मा राग माझ्यावरचाच आहे. १९२३ च्या लोझान तहाने आपल्याला ग्रीस-तुर्कस्तानमधल्या लोकसंख्येच्या अदलाबदलीतून वगळलं, बेटाला स्वतःचा कारभारही देऊ केला. कागदावर. १९६४ मध्ये बेटावरच्या ग्रीक शाळा बंद झाल्या तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. मुलांच्या शिक्षणापायी घरंच्या घरं उठून गेली. पुढे मी इस्तंबूलमध्ये मास्तर झालो. आपल्याच बेटावरचा एक पोरगा वर्गात 'स्क्ली' म्हणाला. मी फळ्यावर 'स्किली' लिहून त्याच्याकडून दहादा गिरवून घेतलं. नंतर तो वर्गात फारसा बोललाच नाही.

का केलं? अगं, पट रोडावत होता, पलीकडच्या खोलीत सरकारने नेमलेले तुर्की उपमुख्याध्यापक. पोरांना आधी धड लिहिता येऊ दे, बोली काय, घरी आहेच, असं वाटायचं. चुकलो म्हण हवं तर, पण त्या दिवसांत तू असतीस तर तूही हेच केलं असतंस. घरी आहेच म्हणे! आपल्या बेटावरच्या स्खिनुदी गावात जाऊन बघ, छपरं खाली आलीत. माझ्या आईचा एक शब्द तिच्या उच्चारात माझ्याकडे लिहिलेला नाही, आणि मी जन्मभर भाषेचा मास्तर.

२०१३ मध्ये बेटावरच्या आयी थेओदोरी गावची ग्रीक शाळा चार मुलांवर पुन्हा उघडली. आनंदच आहे. पण प्रमाण ग्रीक शिकवायला पुस्तकं आहेत. 'स्क्ली' शिकवायला तुझी आजी आहे, वय शहाऐंशी.

तेव्हा टेप पुन्हा लाव. ती बोलली तसं लिही. अडखळली तर अडखळणं लिही, मध्येच तुर्की शब्द आला तर तोही राहू दे. गावच्या धुणंघरात बायका एकमेकींना काय हाका मारायच्या, ते विचार. त्यावर ती तासभर बोलेल. प्रबंधाचं नंतर बघू.

वही परत पाठवतोय. पान बारावर 'स्किली' आहे, त्यातला पहिला 'इ' तेवढा खोडला आहे.

तुझा,
मास्तर